रमाबाई रानडे : घर, समाज आणि मन

घरात येता-जाता कोणी टाकून बोलू लागले, जेवताना टोमणे मारू लागले किंवा दिवसचे दिवस अबोला धरून राहिले, तर माणसाच्या मनाची काय अवस्था होते, हे तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. कदाचित सोसलेही असेल. अशा वेळी भूक मंदावते, झोप लागत नाही, हातातल्या कामात लक्ष राहत नाही. आज आपण याला मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हणतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा शब्दप्रयोग मराठीत रूढ नव्हता. तरीही घर आणि समाज मिळून एखाद्याच्या मनाला कसे घडवतात आणि कसे खचवू पाहतात, याचा अतिशय बारकाईने लिहिलेला वृत्तान्त त्या काळातील एका स्त्रीने मराठीत करून ठेवला आहे. ही स्त्री म्हणजे रमाबाई रानडे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पुस्तक लिहिले ते पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या आठवणी जपण्यासाठी. परंतु वाचकाला त्यात न्यायमूर्तींइतकीच, किंबहुना त्यांच्यापेक्षाही जवळून, भेटते ती रमाबाईंची स्वतःची घडण.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. (महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही पुढे १९१३ साली याच गावी झाला.) त्यांचे माहेरचे नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. शिकलेल्या बाईला वैधव्य येते, अशी समजूत त्या काळी सर्वत्र पसरलेली होती आणि ती नुसती गंमतीने बोलायची गोष्ट नव्हती. आईबापांना ती खरोखरच भिववीत असे. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत यमुनेला एकही अक्षर ठाऊक नव्हते. घरकाम, सणवार, व्रतवैकल्ये आणि संध्याकाळी आईच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, एवढीच तिची शाळा होती.

१८७३ च्या अखेरीस तिचे लग्न पुण्यात महादेवराव रानडे यांच्याशी झाले. तेव्हा रानडे एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी सखूबाई नुकतीच वारली होती. रानडे हे विधवाविवाहाच्या चळवळीतील पुढारी. त्यांनी आता एखाद्या विधवेशी विवाह करून आपले विचार कृतीत आणावेत, अशी मित्रांची अपेक्षा होती. नेमकी हीच भीती वडील गोविंदरावांना वाटत होती. त्यांनी घाईघाईने मुलगी ठरवली. रानड्यांनी आपला नकार सांगून पाहिला, परंतु वडिलांचा शब्द मोडणे त्यांच्याने झाले नाही. लग्न लागले आणि रानडे घरी येऊन आपल्या खोलीचे दार लावून बसले. सुधारक म्हणवणाऱ्याने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, ही टीका त्यांना पुढे जन्मभर ऐकावी लागली. टीका चुकीची होती असे म्हणता येणार नाही. मात्र बंद दाराआड बसलेल्या त्या विद्वान, मोठ्या पगाराच्या, मान्यवर माणसाकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. समाजाचा दाब केवळ दुबळ्यांवर पडतो असे नाही. ज्यांच्या हाती सत्ता आणि प्रतिष्ठा आहे, त्यांचे मनही त्याखाली चेंगरते.

सासरी जाण्यापूर्वी वडिलांनी मुलीला जवळ बसवून उपदेश केला होता. मोठ्या कुटुंबात नाना स्वभावाची माणसे असतात. कोणी काही बोलले तरी ऐकून घ्यावे, उलट उत्तर देऊ नये, आणि घरातल्या कुरबुरी नवऱ्याच्या कानावर घालू नयेत, असा त्याचा आशय होता. रमाबाईंनी हा उपदेश अक्षरशः पाळला. त्या काळच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच सल्ला होता. चुगल्या न केल्यामुळे घर फुटले नाही, हे खरे. परंतु दुःख सांगायला जागाच उरली नाही, हेही तितकेच खरे. पुढे कित्येक वर्षे त्या मुलीने जे सोसले ते मुक्याने सोसले.

रानड्यांनी लवकरच तिला शिकवायला आरंभ केला. दिवसा कचेरी आणि सार्वजनिक कामे असत. म्हणून रात्रीचे दोन तास ठरले. पाटीवर मुळाक्षरे, मग बाराखडी, मग पुस्तक, असे करीत पुढे इंग्रजीपर्यंत मजल गेली. नवऱ्याने बायकोला शिकवणे यात आज कोणाला नवल वाटणार नाही. त्या घरात मात्र ते संकटच ठरले. रानड्यांच्या घरी नात्यातल्या अनेक स्त्रिया राहत असत. काही वयस्क होत्या, काही रमाबाईंच्याच वयाच्या होत्या. रानड्यांची बहीण दुर्गा ही तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. या साऱ्याजणींना रमाबाईंचे शिकणे सहन होईना. मोठ्याने वाचले तर चेष्टा होई. मुकाट्याने वाचले तर कामचुकारपणाचा आरोप येई. समवयस्क मुलींनाही तिच्याशी मोकळेपणाने वागण्याची मुभा नव्हती. एकीकडे रात्री पाठ घेणारा नवरा, दुसरीकडे दिवसभर पाठ फिरवणारे घर, असा त्यांचा दिनक्रम होता.

१८७८ च्या सुमारास रानड्यांची बदली नाशिकला झाली. तेथे मोठे कुटुंब बरोबर नव्हते. घराची व्यवस्था प्रथमच रमाबाईंच्या हाती आली. जमाखर्च ठेवणे, पाहुण्यांची सरबराई, हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातल्या बायकांना एकत्र आणणे, मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांच्याशी बोलणे, ही सर्व कामे त्या उत्साहाने करू लागल्या. चारचौघांत उभे राहून बोलण्याचा पहिला प्रसंगही याच काळातला. माणूस तोच होता. वयात फार अंतर पडले नव्हते, विद्याही एकाएकी वाढली नव्हती. भोवतालची माणसे बदलली, तेवढ्याने दबून राहणारी मुलगी कर्ती स्त्री झाली. आठवणींतील नाशिकची पाने वाचताना त्यांच्या लेखणीलाही मोकळा श्वास मिळाल्यासारखे वाटते.

त्यानंतर पुन्हा पुणे आले आणि पुन्हा तेच घर. मात्र आता रमाबाईंचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडले होते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. रमाबाई रानडे या सभांना जाऊ लागल्या. बाहेर जाऊन आलेल्या सुनेला घरात शिक्षा असे. ती मारहाणीची नव्हे, तर वेगळ्या तऱ्हेची. सोवळ्याच्या स्वयंपाकाला त्यांना हात लावू देत नसत. एका युरोपीय बाईंकडून त्या इंग्रजी शिकत. तिच्या स्पर्शाचा विटाळ मानून धडा संपल्यावर रोज स्नान करावे लागे. मुलींसाठी माध्यमिक शाळा काढावी म्हणून मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांपुढे, हिराबागेतील समारंभात, रमाबाईंनी इंग्रजीतून भाषण वाचले. बाहेर त्यांची वाहवा झाली. घरी परतल्यावर पुरुषांच्या सभेत इंग्रजी वाचणारी बाई म्हणून त्यांच्यावर वाग्बाणांचा वर्षाव झाला. ती शाळा १८८४ साली सुरू झाली. आज ती हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध आहे. शाळेच्या इतिहासात त्या भाषणाची नोंद होते. त्या दिवशीच्या संध्याकाळची नोंद मात्र रमाबाईंनी ठेवली म्हणूनच आपल्याला मिळते.

बोलण्याने मन आजारी पडते का, हा प्रश्न पुढे डॉक्टरांनीही विचारला. त्याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशात, चंदीगड येथे झाला. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत (लोक तिला पीजीआय या नावाने ओळखतात) १९६० च्या दशकात मानसोपचार विभाग उभा राहिला. त्याची उभारणी करणारे डॉ. नरेंद्रनाथ विग आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनमधील संशोधकांबरोबर एक पाहणी केली. स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार नव्याने झालेल्या रुग्णांच्या घरच्यांशी त्यांनी सविस्तर बोलणे केले. रुग्णाविषयी बोलताना नातेवाईक किती वेळा दोष काढतात, आवाजात राग व तिरस्कार किती असतो, हे मोजण्याची एक पद्धत तेव्हा लंडनमध्ये तयार झालेली होती. ती चंदीगड शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत वापरण्यात आली. या पाहणीचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. चंदीगडकडील नातेवाईक लंडनमधील नातेवाइकांच्या मानाने रुग्णाला पुष्कळ कमी दोष देत असल्याचे दिसले. आणि ज्या घरांत रुग्णाविषयी वैरभाव होता, तेथील रुग्णांचा आजार वर्षभरात पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले.

येथे एक खुलासा करावयास हवा. रमाबाईंना असा कोणताही आजार नव्हता आणि त्या पाहणीचा त्यांच्या आयुष्याशी थेट संबंध जोडता येणार नाही. टोमण्यांमुळेच हा आजार होतो, असेही ती पाहणी सांगत नाही. मात्र ही दोन चित्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे लोक आहेत, तसेच त्याला तुरुंग म्हणणारेही आहेत. चंदीगडजवळच्या खेड्यांत असे भरलेले घर आजारी माणसाला सांभाळून घेत होते. पुण्यातल्या वाड्यात तसेच भरलेले घर एका निरोगी मुलीला जेरीस आणत होते. माणसांची संख्या हा प्रश्नच नव्हता. ती माणसे एकमेकांशी कशी बोलतात, आणि तसे बोलण्यास त्यांना कोणत्या रूढी भाग पाडतात, यावर सारे अवलंबून होते.

तेव्हा त्या छळणाऱ्या स्त्रियांकडेही जरा निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. बालपणी किंवा तरुणपणी विधवा झालेल्या बाईला त्या काळी घरात मालमत्ता नसे, मत नसे, मंगल कार्यात जागा नसे. तिला उरलेला एकमेव अधिकार म्हणजे सोवळेओवळे आणि कुळाचार सांभाळण्याचा. ती जे सांगेल तेवढ्यापुरते घर ऐके. आणि आता धाकटी सून त्या अधिकाराखालची जमीनच काढून घेत होती. दुर्गाबाईंचा भाऊ विधवाविवाहाचा पुरस्कर्ता होता, पण बहिणीचे आयुष्य त्याला बदलता आले नव्हते. डोळ्यांदेखत भावजय शिकते आहे, सभेत बोलते आहे, हे पाहताना त्यांच्या मनात काय उठत असेल? रमाबाईंनी हा प्रश्न उघडपणे मांडलेला नाही. तरी त्यांनी आठवणींत कोणावरही सूड उगवलेला नाही, ही त्या पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट आहे असे आम्हांस वाटते. ज्यांनी जाच केला त्यांची दुःखेही त्यांनी जवळून पाहिली होती.

रमाबाईंचा कोंडमारा केवळ घरातल्या स्त्रियांमुळे झाला, असे मानले तर ते अर्धेच चित्र होईल. पतीच्या अपेक्षांचेही एक ओझे त्यांच्यावर होते. पत्नीने सुधारकांच्या बाजूने निर्भयपणे उभे राहावे, अशी रानड्यांची इच्छा असे. एकदा वडीलधाऱ्या स्त्रियांच्या धाकाने त्यांनी पतीच्या इच्छेविरुद्ध वर्तन केले. रानडे रागावले नाहीत. त्यांनी फक्त बोलणे बंद केले. त्या मौनाने रमाबाई इतक्या व्याकूळ झाल्या की क्षमा मागेपर्यंत त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आजच्या वाचकाला रानडे येथे कठोर वाटतील आणि तसे वाटणे रास्त आहे. घराचे ऐकावे तर पती दुखावतो, पतीचे ऐकावे तर घर दुखावते, आणि दोन्हीकडे तक्रार करण्याची सोय नाही, अशा कात्रीत ही तरुण स्त्री अनेक वर्षे जगली. ती खचली नाही याची कारणे शोधू गेल्यास दोन सापडतात. पतीने दिलेली विद्या हे एक. दुसरे म्हणजे आर्य महिला समाजात भेटणाऱ्या स्त्रिया. आपल्यासारखेच सोसणाऱ्या आणखी कोणी आहेत, हे तेथे त्यांना प्रत्यक्ष दिसले.

समाज एखाद्याला कसा एकटा पाडतो, याचा अनुभव रानडे कुटुंबाला पुढे आणखी मोठ्या प्रमाणावर आला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभात पाहुण्यांना चहा-बिस्किटे देण्यात आली. पाहुण्यांत रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणजे धर्म बुडाला! डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. यालाच ग्रामण्य म्हणत. ग्रामण्य म्हणजे गावाने किंवा जातीने टाकलेला बहिष्कार. भटजी घरी येईनात, श्राद्धपक्ष अडले, पंगतीचे आमंत्रण बंद झाले, सासरी असलेल्या लेकींना माहेरी येता येईना. एका पेला चहापायी कितीतरी घरांत रडारड झाली. रानड्यांना स्वतःला या बहिष्काराचे भय नव्हते. परंतु मित्रांच्या कुटुंबांचे हाल पाहून त्यांनी १८९२ साली त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना भित्रे ठरवले. रमाबाईंनाही हे प्रायश्चित्त रुचले नव्हते. ज्या पतीने आपल्याला ठाम राहावयास शिकवले तोच नमला, हे पाहून त्यांना दुःख झाले. त्यांनी ते लपवलेले नाही.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. मुंबईची वर्षे मानाने गेली. रमाबाईंनी तेथेही स्त्रियांचे मंडळ चालवले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाईंचे एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायला नऊ दिवस उरले होते. मुंबईचे घर सोडून त्या पुण्यास, आजच्या महात्मा फुले मंडईजवळच्या आपल्या वाड्यात परतल्या आणि एक वर्ष जवळजवळ एकान्तात राहिल्या. प्रिय माणूस गेल्यावर शोक होणे स्वाभाविक आहे. त्याला आजार म्हणत नाहीत. परंतु त्या काळी विधवेच्या शोकावर समाज आपली मोहोर उठवीत असे. तिने कोपऱ्यात बसावे, सकाळी कोणाच्या दृष्टीस पडू नये, मंगल प्रसंगी पुढे येऊ नये, आणि पतीच्या मृत्यूला आपलेच पाप कारण आहे असे मानावे, अशी तिच्याकडून अपेक्षा असे. दुःख ओसरले तरी ही बंधने ओसरत नसत. शोक आणि शिक्षा यांची अशी सरमिसळ झाली की कोणत्याही स्त्रीला त्यातून वर येणे कठीण. कित्येकींचे उरलेले आयुष्य त्या कोपऱ्यातच संपले.

रमाबाई वर्षाने बाहेर पडल्या. त्यांनी जी कामे हाती घेतली त्यांत एक वेगळेच होते. तुरुंगातील स्त्रियांना भेटावयास त्या नियमाने जाऊ लागल्या. एकदा तुरुंगात गेलेल्या बाईला घराचे दार पुन्हा उघडत नसे, असा तो काळ. रमाबाई त्यांच्याशी बोलत, त्यांचे ऐकून घेत, आपणही माणसे आहोत ही जाणीव त्यांच्या मनात जागी करण्याचा यत्न करीत. सुधारगृहातील मुलांना त्या खाऊ नेत. रुग्णालयांत फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जात. देणे फार मोठे नव्हते. पण टाकलेल्या माणसाची कोणीतरी ठरल्या दिवशी येऊन विचारपूस करते, याचे मोल ज्याला अबोला ठाऊक आहे त्यालाच नीट कळते.

१९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षपद रमाबाईंनी भूषवले. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन ही संस्था काढली, तिच्याही त्या अध्यक्षा होत्या. परंतु त्यांचे नाव सर्वांत जास्त जोडले गेले ते पुण्याच्या सेवासदनाशी. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने ही संस्था १९०९ साली रमाबाईंच्या वाड्यातच सुरू झाली. ज्या घरात एका मुलीच्या वाचण्यावरून वाद होत असत, त्याच घराण्याच्या वाड्यात आता शेजारपाजारच्या बायका पाट्या घेऊन येऊ लागल्या. लेखन-वाचन, शिवण, गायन, शिक्षिकांचे प्रशिक्षण, प्रथमोपचार असे वर्ग हळूहळू वाढत गेले. परगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृह निघाले.

रमाबाईंची कामाची रीत सावध होती आणि काहींना ती फार संथ वाटे. त्यांनी कीर्तने, पुराणे, हळदीकुंकू यांना फाटा दिला नाही, उलट त्यांचाच आधार घेतला. वर्गाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला संध्याकाळी एका घरात परत जायचे आहे आणि तेथे सासू, आत्या, नणंद वाट पाहत आहे, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून थोरल्या बायकांनाच आधी संस्थेत बोलवायचे, त्यांचा मान राखायचा, त्यांच्या मनातली भीती घालवायची आणि मग लेकी-सुनांना मोकळे करायचे, हा त्यांचा मार्ग असल्याचे दिसते. घरातला जाच कसा निर्माण होतो, हे स्वतः अनुभवलेल्या व्यक्तीलाच असे काही सुचू शकते.

सर्वांत कठीण पाऊल होते ते परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या स्त्रिया शिकू लागल्या. कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करायचा, त्याचे मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, हे सारे उच्चवर्णीय विधवांनी करावे, ही कल्पनाच लोकांना असह्य होती. शिक्षिकेच्या स्पर्शासाठी जिला रोज स्नान करावे लागे, त्या स्त्रीने हे काम उभे केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोपऱ्यात बसलेली विधवा आता रुग्णाच्या खाटेजवळ उभी राहिली. तिला वेतन मिळू लागले, आणि तिच्यावाचून अडू लागले.

या कामाला मर्यादाही होत्या. आरंभीच्या काळात सेवासदनाचा लाभ प्रामुख्याने पुण्यातील उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांपर्यंत पोहोचला. शिवाय हे काम सर्वस्वी नवे होते, असेही नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ सालीच पुण्यात मुलींची शाळा काढली होती. १८६३ साली त्यांनी फसवणूक झालेल्या गरोदर विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले होते, आणि तेही समाजाचे दगडधोंडे अंगावर झेलून. रमाबाईंच्या पाठीशी पतीचे नाव होते, पैसा होता, सरकारदरबारी ओळख होती. तसे काहीच पाठीशी नसलेल्या किती स्त्रिया त्या काळी वाड्यांतून आणि झोपड्यांतून मूकपणे झिजून गेल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

उतारवयात रमाबाई अधिक धीट झाल्या. पुणे नगरपालिकेच्या हद्दीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना द्यावे की मुलींनाही, असा वाद १९२० च्या सुमारास पेटला. तेव्हा त्यांनी स्त्रियांना संघटित करून रस्त्यावर आणले. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा या मागणीतही त्या अग्रभागी होत्या. १९२१ साली ती मान्य झाली. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांना त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीस जात. गर्दीत चुकलेल्या, आजारी पडलेल्या, गांगरलेल्या वारकरी बायकांना आधार देण्याचे काम या मुली करीत. शहरातल्या सुशिक्षित मुली यात्रेत सेवेसाठी उभ्या आहेत, हे दृश्य आळंदीला नवीनच होते.

१९२४ साली पुण्यात रमाबाईंचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सेवासदनाची शाळा आजही भरते. आठवणींचे पुस्तक मात्र १९०१ च्या जानेवारीपाशी, पतीच्या मृत्यूशी येऊन थांबते. तुरुंगातल्या भेटी, वाड्यातला पहिला वर्ग, ससूनमधल्या मुली, आळंदीची वाट, यांतले एक अक्षरही त्यात नाही. त्यानंतरच्या तेवीस वर्षांविषयी रमाबाईंनी असे पुस्तक लिहिले नाही.